डोळ्यांपुढचे किडे आणि अननसाच्या फोडी

रात्री लावलेलं दही सकाळी एकसंध असतं. चमचा घातला की छान कवडी निघते. तेच भांडं दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर कडेने हिरवट पाणी सुटतं आणि मधला घट्ट भाग आक्रसून भांड्याची कड सोडतो. दह्यात बाहेरून काही पडलेलं नसतं, त्यातलं काही गेलेलंही नसतं. पाणी धरून ठेवणारी आतली जाळी तेवढी ढिली झालेली असते.

डोळ्यांपुढे काळे ठिपके, धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी फिरतं, त्याला डॉक्टर ‘फ्लोटर्स’ म्हणतात. गावाकडे कुणी ‘डोळ्यांपुढं किडं फिरतात’ म्हणतं, कुणी ‘माश्या दिसतात’. जुन्या लॅटिन वैद्यकातही याला ‘उडत्या माश्या’ याच अर्थाचं नाव होतं. यामागे जे घडतं ते या दह्यासारखंच आहे. इतकं सारखं की दह्याला पाणी सुटण्याला दुग्धशास्त्रात ‘सिनेरेसिस’ म्हणतात आणि डोळ्यातल्या या बदलालाही नेत्रतज्ज्ञ तोच शब्द वापरतात.

मला या विषयात ओढलं ते माझ्या मामाच्या उजव्या डोळ्याने. तो दहा दिवस रोज अननस खात होता. कुणीतरी फोनवर पाठवलेल्या व्हिडिओत सांगितलं होतं की अननसाने फ्लोटर्स विरघळतात. त्या दहा दिवसांत काय झालं ते पुढे येईलच. तेव्हापासून ‘काय खावं म्हणजे हे जातील’ असं कुणी विचारलं की मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी होत नाही. प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं खरं उत्तर ताटापेक्षा बाहेर जास्त आहे.

आत नक्की काय असतं

डोळा म्हणजे साधारण 24 मिलिमीटर व्यासाचा गोळा. समोर बुबुळ, त्यामागे भिंग आणि सगळ्यात मागे आतून चिकटलेला नाजूक पडदा, म्हणजे रेटिना. भिंग आणि पडदा यांच्यामधली मोठी पोकळी एका पारदर्शक, घट्टसर द्रवाने भरलेली असते. त्याला काचद्रव किंवा व्हिट्रिअस म्हणतात. तो साधारण 4 मिलिलिटर असतो, म्हणजे चहाच्या चमचाभराहून थोडा कमी. पण डोळ्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग त्यानेच व्यापलेला असतो.

या द्रवात जवळजवळ 99 टक्के पाणीच आहे. तरी तो पाण्यासारखा वाहत नाही, कारण त्यात कोलॅजनचे अतिशय बारीक धागे पसरलेले असतात आणि त्या धाग्यांच्या मधे हायलुरॉनिक आम्ल पाणी शोषून बसलेलं असतं. हे आम्ल धाग्यांना एकमेकांपासून लांब ठेवतं. धागे लांब आणि सारखे पसरलेले असले की प्रकाश त्यांच्यातून विनाअडथळा जातो. इतक्या मोठ्या पोकळीतलं सगळं कोलॅजन एकत्र केलं तर ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम भरेल. खाण्यापिण्याचा विषय निघेल तेव्हा हा आकडा लागणार आहे.

वय वाढतं तशी ही मांडणी मोडत जाते. हायलुरॉनिक आम्ल धाग्यांची साथ सोडतं, मधे मधे पाण्याची तळी तयार होतात आणि मोकळे झालेले धागे एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या, दोऱ्या बनतात. हे म्हातारपणी एकदम होत नाही. विशीच्या आतही थोडं पाणी सुटलेलं असतं आणि ऐंशीच्या पुढे निम्म्याहून अधिक काचद्रव पातळ झालेला असतो. आपल्याला जे दिसतं ते त्या दोऱ्या नव्हेत, तर पडद्यावर पडलेली त्यांची सावली. म्हणूनच नजर वळवली की ठिपका मागून तरंगत येतो आणि त्याच्याकडे बघायला जावं तर पळतो. पांढरी भिंत, ढगाळ आभाळ, मोबाइलची उजळ स्क्रीन यांवर तो उठून दिसतो. भरपूर उजेडात बाहुली बारीक होते आणि बाहुली बारीक झाली की सावली अधिक रेखीव पडते. संध्याकाळी घरात हेच ठिपके जवळजवळ नाहीसे होतात, कारण तेव्हा बाहुली मोठी असते.

मोबाइलमुळे फ्लोटर्स होतात असा एक समज पक्का बसला आहे. मोबाइलमुळे ते दिसतात, होत नाहीत. अर्थात लहान मुलांच्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी आहे, ती पुढे येते.

निळ्या आभाळाकडे बघताना आणखी एक गंमत कधी कधी दिसते. बारीक चमकदार कण झरझर वळणावळणाने धावतात आणि क्षणात नाहीसे होतात. ते फ्लोटर्स नव्हेत. पडद्यावरच्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्याला दिसत असतात. ज्याचे डोळे निरोगी आहेत त्यालाही ते दिसतात आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

कड सुटते तेव्हा

दह्याचा घट्ट भाग शेवटी भांड्याची कड सोडतो. काचद्रवही तसाच एक दिवस मागच्या पडद्यापासून सुटतो. बहुतेकांच्या बाबतीत हे पन्नास ते सत्तर या वयात होतं. ज्यांचा मायनस नंबर मोठा आहे किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, त्यांच्या बाबतीत बरंच आधी होऊ शकतं. तेव्हा अचानक एक मोठा ठिपका किंवा गोल कडं दिसू लागतं. डोळ्याची नस जिथे पडद्याला मिळते तिथे काचद्रव गोलाकार चिकटलेला असतो आणि सुटताना तेच कडं घेऊन येतो. सोबत डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखा प्रकाशही दिसतो, विशेषतः अंधारात. सुटणारा द्रव पडद्याला ओढतो, आणि पडद्याला ओढ कळते ती वेदना म्हणून नव्हे, प्रकाश म्हणून. त्याला दुसरी भाषाच येत नाही.

बहुतेक वेळा हे सुटणं सुखरूप पार पडतं. पण काही ठिकाणी चिकटण जास्त घट्ट असते आणि तिथे ओढ बसली की पडदा फाटतो. अशी लक्षणं घेऊन आलेल्या शंभर जणांपैकी साधारण दहा ते पंधरा जणांच्या पडद्याला छिद्र किंवा चीर सापडते. त्या चिरेतून पातळ झालेला द्रव पडद्याच्या मागे शिरतो आणि भिंतीचा ओला रंग पोपडा धरावा तसा पडदा मागच्या थरापासून सुटत जातो. लोक म्हणतात ‘पडदा सरकला’, तो हाच.

मामाला नवे ठिपके दिसायला लागले एका सोमवारी. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला. थोडा बदललेला निघाला, म्हणून नवा चष्मा करायला टाकला. ‘वयाचं आहे, होतं असं’ असं सांगणारे चार जण भेटले आणि अननसाचा व्हिडिओ पाठवणारा पाचवा. आठव्या दिवशी त्याला उजव्या डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यात सावली दिसू लागली. त्याला वाटलं, चष्म्याची काच धुळीने भरली असेल. दहाव्या दिवशी ती सावली मधोमध आली, तेव्हा त्याने मला फोन केला. ऑपरेशन झालं, पडदा बसला, पण त्या डोळ्याने आता त्याला पेपरातलं मोठं शीर्षक तेवढं वाचता येतं. पहिल्या एक-दोन दिवसांत कुणी बाहुली मोठी करून पडदा बघितला असता, तर कदाचित पंधरा मिनिटांच्या लेझरवर भागलं असतं.

मी त्याला दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून इथे स्पष्ट लिहिते. अचानक खूप ठिपके, काजळीचा शिडकावा झाल्यासारखे. कडेला विजेसारखी चमक. कोणत्याही बाजूने पुढे सरकणारी सावली किंवा पडद्यासारखा आडोसा. किंवा एकाएकी नजर धूसर होणं. यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका, पडदा फाटताना दुखत नाहीच. चष्म्याच्या दुकानातली तपासणी इथे पुरत नाही. डॉक्टरांना सांगा, ‘थेंब घालून पडदा बघा.’ थेंबांनी चार-सहा तास अंधुक दिसतं, तेव्हा स्वतः गाडी चालवत जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या. पहिल्या तपासणीत सगळं ठीक निघालं तरी महिना-दीड महिन्याने पुन्हा बोलावतात, ती तारीख चुकवू नका. चीर कधी कधी उशिरा पडते.

शंभर वर्षांपूर्वीपर्यंत पडदा सुटला म्हणजे तो डोळा गेला असंच धरलं जाई. रुग्णाला हलू न देता आठवडेच्या आठवडे पलंगावर झोपवून ठेवत. पडदा सुटतो तो चिरेमुळे, आणि ती चीर बंद केली तर तो पुन्हा बसतो, हे स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी 1920च्या दशकात ऑपरेशन करून दाखवून दिलं. आजचा लेझर त्याच विचारावर उभा आहे.

आता अननस

कच्चा अननस दुधात घातला की दूध कडवट होतं, म्हणून शिऱ्यात किंवा खिरीत घालण्याआधी आपण तो साखरेत शिजवून घेतो. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा कीस चोळतात. दोन्हीमागे एकच कारण आहे. या फळांत प्रथिनं तोडणारी पाचकं असतात. अननसातल्या पाचकाचं नाव ब्रोमेलेन, आणि ते फळाच्या गरापेक्षा मधल्या दांड्यात आणि खोडात जास्त असतं.

यावरून तर्क असा लढवला जातो की अननस प्रथिनं तोडतो, फ्लोटर म्हणजे कोलॅजन म्हणजे प्रथिन, म्हणून अननस खाल्ला की फ्लोटर तुटेल. तैवानमध्ये 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 388 जणांना तीन महिने रोज एक, दोन किंवा तीन फोडी अननस देण्यात आला आणि जितक्या फोडी जास्त तितके फ्लोटर्स कमी झाले, असं त्यात म्हटलं होतं. व्हिडिओंमध्ये फिरतो तो हाच अभ्यास. पण त्याच्या मांडणीत मोठी उणीव आहे. फ्लोटर्स आपोआप खाली बसतात, मेंदू त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि तीन महिन्यांत बऱ्याच जणांना काहीही न करता बरं वाटतं. अननस न खाणाऱ्यांचा नीट निवडलेला गट आणि ठिपके मोजण्याची काटेकोर पद्धत नसेल, तर श्रेय अननसाचं की काळाचं हे ठरवता येत नाही.

तर्कातही अडचण आहे. ब्रोमेलेन स्वतः प्रथिन आहे. पोटातल्या आम्लात आणि आतड्यात त्याचं बरंचसं पचन होतं. उरलंसुरलं रक्तात गेलं तरी डोळा आणि रक्त यांच्यामधे एक कडक चाळण असते, ती अशा मोठ्या रेणूंना सहजी आत सोडत नाही. समजा, पुरेसं ब्रोमेलेन आत पोचलं, तर ते फक्त नको असलेल्या गुठळ्याच निवडून तोडेल आणि शेजारच्या पडद्याला धक्का लावणार नाही, असं मानायला काय आधार आहे? काचद्रवाची चिकटण सोडवणारं एक पाचक औषध म्हणून खरंच बनवलं गेलं होतं. ओक्रिप्लाझ्मिन असं त्याचं नाव. 2012 साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते तोंडाने घ्यायचं नव्हतं, थेट डोळ्यात टोचावं लागे, आणि तेही फ्लोटर्ससाठी नव्हे, तर पडद्याच्या मध्यावर ओढ बसली असेल तर. पुढे तेही बाजारातून गेलं.

मला अननसाचा राग नाही. फळ म्हणून जरूर खा. काळजी दोन गोष्टींची आहे. एक, मामासारखे मोलाचे दिवस हातचे जातात. दुसरी, ज्यांना मधुमेह आहे ते ‘औषध’ म्हणून रोज वाटीभर अननस खाऊ लागतात. शंभर ग्रॅम अननसात साधारण दहा ग्रॅम साखर असते, आणि डोळ्याचं जास्त नुकसान कशाने होत असेल तर वाढलेल्या साखरेनेच.

कोलॅजनची पावडर आणि पायाचा रस्सा यांचंही तसंच. खाल्लेलं कोलॅजन पचून अमिनो आम्लं होतात, ती शरीराला जिथे हवी तिथे जातात. डोळ्यात कोलॅजन कमी पडलेलं नसतंच. आहे ते एक-दोन मिलिग्रॅम विस्कटलेलं असतं. नवीन सूत आणल्याने जुना गुंता सुटत नाही. पाणी भरपूर प्यायल्यानेही काचद्रव पुन्हा घट्ट होत नाही. तहानेपुरतं पाणी प्यावंच, पण डोळा म्हणजे रोज भरायचा माठ नव्हे.

मग आहाराने काहीच होत नाही का? इथे मी थोडी थांबून बोलते, कारण सगळंच खोटं म्हणून झटकून टाकणं प्रामाणिक होणार नाही. काचद्रवात ‘क’ जीवनसत्त्व रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं. शरीर ते मुद्दाम तिथे साठवतं. ते पडद्याकडून येणारा प्राणवायू वाटेतच संपवतं आणि भिंगाला त्याच्यापासून वाचवतं. काचद्रव काढून टाकण्याचं ऑपरेशन झालं की पन्नाशीपुढच्या बहुतेकांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतो. हा पहारा उठतो, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. म्हणजे या जीवनसत्त्वाला डोळ्यात काम आहे हे नक्की.

आयर्लंडमधल्या वॉटरफर्डच्या संशोधकांनी 2021 साली एक छोटा पण नीट मांडलेला अभ्यास प्रसिद्ध केला. फ्लोटर्सचा त्रास असलेल्या 61 जणांपैकी काहींना सहा महिने एक गोळी दिली, काहींना तशीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाला कोणती, हे त्यांना माहीत नव्हतं. गोळीत 125 मिलिग्रॅम लायसिन हे अमिनो आम्ल, 40 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व, 5 मिलिग्रॅम जस्त आणि द्राक्षाच्या बियांचा व कडू संत्र्याचा अर्क होता. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांचा त्रास कमी झाला, आणि तपासणीतही सावली पाडणारा भाग घटलेला दिसला. आशा वाटावी असा हा निष्कर्ष आहे. पण 61 माणसं म्हणजे फार थोडी. त्यावरून कुणी महागड्या गोळ्यांची वर्षभराची पाकिटं विकत असेल तर मी घेणार नाही.

त्या गोळीतल्या घटकांकडे जरा स्वयंपाकघरातून बघा. 40 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व एका पेरूच्या चतकोर फोडीत मिळतं. पेरूत शंभर ग्रॅममागे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास ते असतं. आवळा, लिंबू, शेवग्याचा पाला यांतही भरपूर. लायसिन डाळींत असतं, वाटीभर तुरीच्या वरणात 125 मिलिग्रॅमहून जास्तच निघेल. जस्त तिळात, कडधान्यांत, मांसात. वरण-भातावर लिंबू पिळून खाणाऱ्याचे फ्लोटर्स जातील असं मी म्हणत नाही. म्हणायचं इतकंच की या गोष्टींसाठी बाटलीतल्या गोळ्यांकडे धावायच्या आधी आपलं ताट बघावं.

गाजर आणि पालक-मक्यातलं ल्युटीन नावाचं पिवळं रंगद्रव्य यांचंही नाव नेहमी निघतं. गाजरातून मिळणारं ‘अ’ जीवनसत्त्व रातांधळेपणापासून वाचवतं. ल्युटीन असलेलं मिश्रण म्हातारपणी पडद्याच्या मध्याला होणाऱ्या झिजेत कामी येतं, हे अमेरिकेतल्या 2013च्या मोठ्या चाचणीत तपासलं गेलं आहे. ती झीज हा वेगळा आजार आहे. फ्लोटर्ससाठी त्याचा उपयोग होतो असं त्या चाचणीने दाखवलेलं नाही.

एक विनंती मात्र कळकळीने. डोळ्यात मध, कांद्याचा रस, तूप, गुलाबपाणी, घरी बनवलेला कसलाही अर्क घालू नका. वरून घातलेला थेंब आतल्या काचद्रवातल्या गुठळीपर्यंत पोचून ती विरघळवत नाही, बुबुळाला जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो आणि त्याने नजर जाते. सूर्याकडे टक लावून बघण्याचे ‘प्रयोग’ही नकोत, त्याने पडदा भाजतो. डोळे गोल फिरवण्याने ठिपका घटकाभर बाजूला होतो, पुन्हा येतो. त्यात अपाय नाही, उपायही नाही.

ज्याने खरंच फरक पडतो

वयानुसार होणारं पाणी सुटणं थांबवता येत नाही. पण ते अकाली आणि धोकादायक होऊ नये यासाठी तीन ठिकाणी आपल्या हातात बरंच काही आहे. त्यातलं सगळ्यात मोठं ठिकाण शाळकरी वयात आहे, हे वाचून बऱ्याच जणांना नवल वाटेल.

मायनस नंबर म्हणजे डोळा लांबट होणं. लांबी एक मिलिमीटरने वाढली की नंबर साधारण अडीच ते तीनने वाढतो. फुगा जास्त फुगवला की रबर पातळ होतं, तसा लांबट डोळ्यातला पडदा ताणला जातो, कडेला विरविरीत होतो. काचद्रवही लवकर पातळ होतो. म्हणूनच मायनस सहा-सात नंबरवाल्यांना विशी-तिशीतच ठिपके दिसू लागतात. मला चोविसाव्या वर्षी दिसले होते. पडदा सुटण्याचा धोकाही नंबरबरोबर चढत जातो. मायनस एक ते तीन नंबरवाल्यांना तो बिननंबरवाल्यांच्या साधारण चौपट आणि तीनच्या पुढे सुमारे दहापट असल्याचं अमेरिकेतल्या 1993च्या एका अभ्यासात दिसलं. लेसिक करून चष्मा गेला तरी डोळा आखूड होत नाही. आत तो तसाच लांबट असतो आणि धोकाही तोच राहतो. लग्नाआधी किंवा नोकरीसाठी लेसिक करून घेतलेल्या कितीतरी जणांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आता महत्त्वाचं. मुलांचा नंबर लागणं लांबवता येतं, आणि त्याचं औषध आहे दिवसाचा उजेड. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीतल्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जादा मैदानावर काढण्यात आलं. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या 30.4 टक्के मुलांना नंबर लागला होता, नेहमीच्या शाळांत 39.5 टक्के. हा निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाला. तैवानने तर 2010पासून मुलांनी रोज 120 मिनिटं बाहेर असावं असा देशभर उपक्रमच घेतला. वर्गात तीनशे-पाचशे लक्स उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो कित्येक हजार लक्स भरतो. अशा उजेडात पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि ते डोळ्याला लांब होण्यापासून आवरतं, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. उन्हात तळपायची गरज नाही, आभाळाखाली असणं पुरतं. पुण्या-मुंबईत सोसायटीच्या आवारात ‘बॉल खेळू नये’ अशी पाटी दिसली की मला ती डोळ्यांच्या विरोधातली पाटी वाटते. शाळा, मग शिकवणी, मग घरात मोबाइल, अशा दिवसात मूल सूर्यप्रकाशात जेमतेम अर्धा तास असतं. त्याच्या चाळिशीतल्या पडद्याचं भवितव्य इथे ठरत असतं. घरी मायनस नंबराची परंपरा असेल तर वर्षातून एकदा मुलाचे डोळे तपासा. नंबर वाढण्याचा वेग कमी करणारे थेंब आणि खास चष्मेही आता मिळतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

दुसरं ठिकाण साखर. वाढलेली साखर प्रथिनांना चिकटून बसते आणि काचद्रवाचे धागे लवकर जुने करते. त्याहून भयंकर म्हणजे पडद्यावर नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की काचद्रवात रक्त उतरतं आणि डोळ्यापुढे काळा-लालसर पाऊस पडतो. तेही फ्लोटर्सच, पण ते टाळता येण्याजोगे असतात. भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने 2023 साली दिला. पहिल्या प्रकारच्या मधुमेहावरच्या 1993च्या प्रसिद्ध अमेरिकी चाचणीत साखर काटेकोर ताब्यात ठेवल्याने पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला. फ्लोटर्सबद्दलच्या आहाराचा प्रश्न मला कुणी विचारला तर माझं पहिलं उत्तर म्हणून हेच असतं. गोड चहाचे दिवसाचे पाच कप दोनवर आणा, भाताची मूद लहान करा, भाजी-उसळ वाढवा, जेवणानंतर चाला, औषध चुकवू नका, बीपी बघत राहा. आणि नजर अगदी स्वच्छ असली तरी वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्या. पडदा बिघडू लागतो तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही.

तिसरं ठिकाण मार. विटी, सुतळी बॉम्ब, रंगपंचमीचा पाण्याचा फुगा, रबरी चेंडू, बॅडमिंटनचं फूल. यातलं काहीही वेगाने डोळ्यावर आदळलं तर काचद्रव झटक्याने हलतो आणि पडद्याला फाडू शकतो. सूज उतरली, दिसतंय नीट, म्हणून लोक सोडून देतात. पण मुका मार लागल्यावर एकदा पडदा बघून घेणं गरजेचं आहे, कारण चीर नंतरही कळते. लोखंडावर छिन्नी-हातोडा किंवा ग्राइंडर चालवणाऱ्यांनी गॉगल लावावा. साध्या प्लास्टिकचा स्वस्त गॉगलही काहीच नसण्यापेक्षा बरा, पॉलिकार्बोनेटचा असेल तर उत्तम.

डोळा लाल होऊन दुखतो आहे, उजेड सहन होत नाही आणि ठिपकेही दिसत आहेत, असं असेल तर आत दाह असू शकतो. आपल्याकडे त्यामागे कधी क्षयरोगही निघतो. त्याचा इलाज वेगळा आणि तातडीचा आहे.

असलेल्या ठिपक्यांचं काय

तपासणीत पडदा ठणठणीत निघाला, तर बहुतेकांना काहीच करावं लागत नाही. काही महिन्यांत गुठळ्या नजरेच्या रेषेखाली उतरतात आणि मेंदू उरलेल्या सावल्यांकडे कानाडोळा करू लागतो. तोवर उन्हात गॉगल, मोबाइलवर काळी पार्श्वभूमी आणि कामाच्या टेबलासमोर पांढऱ्याफटक भिंतीऐवजी थोडी रंगीत भिंत यांनी बराच आराम पडतो. मी स्वतः लिहिताना स्क्रीनचा रंग फिकट पिवळसर ठेवते.

काही थोड्यांना मात्र वाचनात, गाडी चालवताना खरोखर अडथळा होतो. त्यांना ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणणं अन्यायाचं आहे. एक उपाय लेझरने गुठळी फोडण्याचा. 2017च्या एका छोट्या अमेरिकी चाचणीत 52 जणांवर तो तपासला गेला. लेझर मिळालेल्यांचा त्रास सरासरी 54 टक्क्यांनी कमी झाला, खोटा लेझर दिलेल्यांचा 9 टक्क्यांनी. मोठ्या, एकट्या कड्यासाठी तो बरा, बारीक विखुरलेल्या ठिपक्यांसाठी फारसा नाही. दुसरा उपाय म्हणजे काचद्रवच काढून टाकण्याचं ऑपरेशन. ठिपके जातात, पण मोतीबिंदू जवळ येतो आणि पडदा फाटण्याचा थोडा धोका राहतो. हा निर्णय घाईने घ्यायचा नसतो, दोन डॉक्टरांची मतं घ्यावीत.

काचद्रव एका डोळ्यात सुटला की बहुतेकदा काही वर्षांत दुसऱ्यातही सुटतो. मामाचा डावा डोळा अजून शाबूत आहे. आता तो रोज सकाळी चहाआधी उजवा डोळा तळहाताने झाकतो आणि डाव्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी वाचतो, मग वरून खाली, डावीकडून उजवीकडे चारही कोपरे दिसताहेत का ते बघतो. अर्धं मिनिट लागतं. मागच्या महिन्यात एक नवा ठिपका दिसला, तर नऊ वाजता त्याचा फोन आला आणि अकरा वाजता आम्ही डॉक्टरांकडे होतो. पडदा नीट होता. परत येताना त्याला अंधुक दिसत होतं, म्हणून रस्ता ओलांडताना त्याने माझा हात धरला होता.